जागेवरून ओळख : आवर्त सारणीची प्रस्तावना

आजच्या आवर्त सारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत, सात आडव्या ओळी आहेत आणि एकही घर रिकामे नाही. ११३, ११५, ११७ आणि ११८ या शेवटच्या चार क्रमांकांची नावे नोव्हेंबर २०१६मध्ये अधिकृतपणे जाहीर झाली : निहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसिन आणि ओगानेसॉन. सातवी ओळ तिथे पूर्ण झाली. शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेला तक्ता म्हणून ही सारणी आपल्या सगळ्यांच्या परिचयाची असते. ती इतकी भरलेली आणि नीटनेटकी दिसते, की कुणीतरी एका बैठकीत आखून टाकली असावी असे वाटते. मग ती पाठ करण्याची गोष्ट ठरते. पहिली वीस नावे क्रमाने म्हणता आली की विद्यार्थी सुटला आणि शिक्षकही सुटले.

हे पुस्तक लिहावेसे वाटले ते या पाठांतराच्या अस्वस्थतेतून. आवर्त सारणी पाठ करायची नसते, वाचायची असते. नुसत्या यादीत एखादे नाव वर आहे की खाली, यावरून त्या वस्तूविषयी काही कळत नाही. सारणीत मात्र मूलद्रव्य कुठे बसले आहे हीच त्याच्याविषयीची सगळ्यांत मोठी माहिती असते. जागा सांगा, गुण सांगतो, असे म्हणण्याची हिंमत रसायनशास्त्राला या सारणीने दिली.

याचा पडताळा वाचकाने इथेच घ्यावा. सोळाव्या गणात, चौथ्या ओळीत सेलेनिअम आहे. त्याच्याविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही असे धरू. त्याच्या वर गंधक आहे, खाली टेल्युरिअम, डावीकडे अर्सेनिक आणि उजवीकडे ब्रोमीन. या चौघांची अणुवस्तुमाने अनुक्रमे ३२.१, १२७.६, ७४.९ आणि ७९.९. बेरीज होते ३१४.५, तिला चाराने भागले की ७८.६. सेलेनिअमचे प्रत्यक्ष मोजलेले अणुवस्तुमान आहे ७९.०. आता गुणांकडे वळू. गंधकाचा एक अणू हायड्रोजनच्या दोन अणूंशी जोडला जातो आणि हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांसारख्या वासाचा विषारी वायू तयार होतो. तेव्हा सेलेनिअमचाही हायड्रोजनच्या दोन अणूंशी जोडलेला, घाणेरड्या वासाचा, विषारी वायू असला पाहिजे, तो आहे. गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल मिळते, तर सेलेनिअमपासूनही त्याच घडणीचे तीव्र आम्ल मिळायला हवे, तेही मिळते. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता, केवळ शेजार पाहून, आपण एका अनोळखी मूलद्रव्याची एवढी ओळख करून घेतली. ही रीत दिमित्री मेंडेलीव्ह यांची, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी ती सेलेनिअमचेच उदाहरण घेऊन समजावली होती.

ही रीत माणसाला सापडली कशी, आणि मुळात ती लागू का पडते, हे दोन प्रश्न या पुस्तकाच्या गाभ्याशी आहेत. पुढच्या प्रकरणांत एकेका गणाची सविस्तर भेट होईल. ती होण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात हाताशी असावीत, म्हणून ही प्रस्तावना.

लाव्हाझिए यांनी १७८९मध्ये ‘साध्या पदार्थां’ची जी यादी छापली तिच्यात ३३ नोंदी होत्या आणि त्यांत प्रकाश व उष्णता यांचाही समावेश होता. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत नवी मूलद्रव्ये भराभर सापडत गेली, पण त्यांची मांडणी कशाच्या आधारावर करायची हे ठरेना. १८२९मध्ये डोबेरायनर यांनी तीन-तीन मूलद्रव्यांचे गट दाखवले. क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही एकमेकांसारखी वागणारी तीन मूलद्रव्ये. त्यांतल्या पहिल्याचे अणुवस्तुमान ३५.५, तिसऱ्याचे १२७, दोहोंची सरासरी ८१ च्या आसपास, आणि मधल्या ब्रोमीनचे ८०. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम यांचेही तसेच. डोबेरायनर यांची त्रिके म्हणून आपण ती शाळेत शिकतो. पण बाकीची बहुतेक मूलद्रव्ये अशा त्रिकांत बसत नव्हती.

त्याहून मोठी अडचण अणुवस्तुमानांचीच होती. ऑक्सिजनचे अणुवस्तुमान कुणी ८ धरी, कुणी १६. कार्बनचे कुणी ६, कुणी १२. पाण्याचे सूत्रसुद्धा सर्वांचे एक नव्हते. ज्या आकड्यांवर क्रम लावायचा ते आकडेच जर माणसागणिक बदलत असतील, तर क्रम लागणार कसा? हा गुंता सोडवण्यासाठी सप्टेंबर १८६०मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले. परिषदेत एकमत झाले नाही. पण इटलीच्या कॅनिझारो यांनी अणुवस्तुमाने सुसंगतपणे कशी ठरवावीत याची जी मांडणी केली, तिची पुस्तिका तिथे वाटली गेली. ती घेऊन परतलेल्यांत दोन तरुण होते : जर्मनीचे लोथार मायर आणि रशियाचे मेंडेलीव्ह.

त्यानंतरच्या दहा वर्षांत आवर्तनाची चाहूल अनेकांना लागली. फ्रेंच भूशास्त्रज्ञ शाँकुर्तुआ यांनी १८६२मध्ये एका नळकांड्यावर चढत जाणारी रेषा काढून तिच्यावर मूलद्रव्ये मांडली. सारखी मूलद्रव्ये एकाखाली एक आली. पण लेख छापताना आकृतीच गाळली गेली आणि तो कुणाला नीट कळला नाही. इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी १८६५मध्ये दर आठव्या मूलद्रव्याचे गुण पहिल्यासारखे असतात असे दाखवून त्याला संगीतातल्या सप्तकाची उपमा दिली. लंडनच्या केमिकल सोसायटीत १ मार्च १८६६ रोजी त्यांनी हे मांडले, तेव्हा मूलद्रव्ये वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. प्रश्न अन्यायाचा होता. तक्त्यातली उणीव मात्र खरी होती. अष्टक मोडू नये म्हणून न्यूलँड्स यांनी कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात कोंबले होते आणि लोखंड ऑक्सिजन-गंधकाच्या रांगेत बसवले होते. त्या तक्त्यात मोकळी जागा नव्हती, त्यामुळे पुढे सापडणाऱ्या मूलद्रव्याला आत यायला वाटच नव्हती.

मेंडेलीव्ह या प्रश्नाकडे वळले ते पाठ्यपुस्तकाच्या गरजेतून. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात शिकवताना ते ‘रसायनशास्त्राची मूलतत्त्वे’ लिहीत होते. हॅलोजनांचे विवेचन झाले होते, अल्क धातूंचे सुरू होते. त्यांच्यानंतर कुणाला घ्यायचे? त्यांनी दोन्ही कुटुंबांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले. क्लोरीन ३५.५ आणि पोटॅशिअम ३९. ब्रोमीन ८० आणि रुबिडिअम ८५.४. आयोडीन १२७ आणि सीझिअम १३३. गुणांनी टोकाची वेगळी असलेली ही दोन कुटुंबे अणुवस्तुमानाच्या क्रमात मात्र दर वेळी लगतच येत होती. हा धागा धरून त्यांनी उरलेली कुटुंबे जोडायला घेतली. सारणी त्यांना स्वप्नात दिसली अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. त्यांच्या हातचा जो कच्चा कागद शिल्लक आहे त्यावर दिसते ती खाडाखोड, पुन्हा केलेली मांडणी, समासातले हिशेब. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १७ फेब्रुवारी १८६९, म्हणजे आपल्या हिशेबाने १ मार्च, ही त्या सारणीची तारीख. तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती.

लोथार मायर यांची मांडणीही फार मोलाची होती, आणि १८८२मध्ये रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दोघांना मिळून दिले. तरीही सारणीशी मेंडेलीव्ह यांचेच नाव जोडले गेले, ते त्यांनी पत्करलेल्या जोखमीमुळे. ही जोखीम तीन प्रकारची होती आणि तिन्ही प्रकार समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला प्रकार : गुण आणि आकडा यांचे पटले नाही, तर त्यांनी गुणांची बाजू घेतली. टेल्युरिअमचे अणुवस्तुमान आयोडीनपेक्षा जास्त भरते, म्हणजे क्रमाने आयोडीन आधी यायला हवे. पण आयोडीन उघडउघड क्लोरीन-ब्रोमीनच्या घराण्यातले. मेंडेलीव्ह यांनी टेल्युरिअम आधी ठेवले.

दुसरा प्रकार : त्यांनी प्रस्थापित आकडे बदलले. बेरिलिअमचे ऑक्साइड अ‍ॅल्युमिनिअमच्या ऑक्साइडसारखे आहे असे मानून त्याचे अणुवस्तुमान १४ धरले जाई. त्या आकड्यावर ते नायट्रोजनच्या बाजूला जाऊन पडे आणि तिथे त्याला जागाच नव्हती. मेंडेलीव्ह म्हणाले, ते ऑक्साइड मॅग्नेशिअमच्या ऑक्साइडसारखे माना. मग अणुवस्तुमान ९ येते आणि बेरिलिअम ७ च्या लिथिअम आणि ११ च्या बोरॉन यांच्या मधोमध, मॅग्नेशिअमच्या डोक्यावर, चपखल बसते. पुढे बेरिलिअम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजली गेली आणि ९ हाच आकडा खरा ठरला. युरेनिअमचे १२० त्यांनी थेट दुप्पट केले. तेही बरोबर निघाले.

तिसरा प्रकार सर्वांत धाडसाचा. त्यांनी घरे मोकळी सोडली आणि १८७१मध्ये त्या घरांत येऊ घातलेल्या मूलद्रव्यांचे गुण तपशिलाने लिहून ठेवले. ‘एक’ हा आपला संस्कृत शब्द उपसर्गासारखा लावून त्यांनी त्यांना एक-बोरॉन, एक-अ‍ॅल्युमिनिअम, एक-सिलिकॉन अशी तात्पुरती नावे दिली.

चारच वर्षांत, १८७५मध्ये, फ्रान्समध्ये ल्कॉक द ब्वाबोद्राँ यांना जस्ताच्या खनिजाचा वर्णपट तपासताना अनोळखी जांभळ्या रेषा दिसल्या. मेंडेलीव्ह यांचे भाकीत त्यांच्या वाचनात आलेले नव्हते. नव्या धातूला त्यांनी गॅलिअम नाव दिले आणि त्याची घनता ४.७ अशी मोजली. सेंट पीटर्सबर्गहून मेंडेलीव्ह यांनी कळवले की हाच एक-अ‍ॅल्युमिनिअम, आणि त्याची घनता ५.९ च्या आसपास असली पाहिजे. ज्यांनी तो धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता, ते तो हातात असलेल्याला मोजमाप तपासायला सांगत होते. ब्वाबोद्राँ यांनी अधिक शुद्ध नमुना तयार करून पुन्हा मोजले. उत्तर आले ५.९.

१८७९मध्ये निल्सन यांना स्कँडिअम सापडले, तेच एक-बोरॉन. १८८६मध्ये फ्रायबर्गच्या विंक्लर यांना अर्जिरोडाइट या नव्या खनिजाचे पृथक्करण करताना सगळ्या घटकांची बेरीज सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरते असे आढळले. हरवलेला घटक त्यांनी चिकाटीने शोधून काढला आणि त्याचे नाव जर्मेनिअम ठेवले. एक-सिलिकॉनचे भाकीत होते अणुवस्तुमान ७२, जर्मेनिअमचे भरले ७२.६, घनता सांगितली होती ५.५, निघाली ५.३५, ऑक्साइडची घनता सांगितली होती ४.७, निघाली ४.७, क्लोराइड १०० अंशांच्या खाली उकळेल असे म्हटले होते, ते ८६ अंशांना उकळले. यानंतर सारणीवर अविश्वास दाखवायला फारशी जागा उरली नाही.

मेंडेलीव्ह यांचे सगळेच खरे ठरले असे मात्र नाही, आणि ते सांगणे आवश्यक आहे. हायड्रोजनपेक्षा हलकी मूलद्रव्ये असतील असे त्यांनी मानले, ती नव्हती. अरगॉन हे नवे मूलद्रव्य नसून नायट्रोजनचेच तीन अणूंचे रूप असावे, असे म्हणून त्यांनी त्याला बराच काळ जागा नाकारली. रॅली यांना हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरला आणि रासायनिक संयुगांतून मिळवलेला १.२५०५ ग्रॅम, या किंचित फरकाचा पाठपुरावा करत ते आणि रॅम्झी १८९४मध्ये अरगॉनपर्यंत पोचले. पुढच्या वर्षी रॅम्झी यांना युरेनिअमच्या खनिजात हेलिअम मिळाले.

हेलिअमची पहिली खूण आपल्या भूमीवरच्या एका सूर्यग्रहणाशी जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून दख्खन ओलांडत मछलीपट्टणकडे गेला होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूरहून सौरज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्या ज्वाळांतली एक पिवळी रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नाही, या निष्कर्षावर पुढे लॉकिअर आले. विजयदुर्ग किल्ल्यावर आजही १८ ऑगस्टला या शोधाचे स्मरण केले जाते. १८९८पर्यंत निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉनही सापडले आणि राजवायूंचा अख्खा उभा गण सारणीच्या कडेला जोडला गेला. बाकी कुठेही मोडतोड करावी लागली नाही. कर्त्याच्या शंकेपेक्षा त्याची सारणी अधिक भक्कम निघाली.

आता दुसरा प्रश्न : हे सगळे लागू का पडते? १९१३मध्ये हेन्री मोझली या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने एकामागून एक मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले. त्यांच्या वारंवारतेचे वर्गमूळ एका घरातून पुढच्या घरात जाताना दर वेळी सारख्याच पायरीने वाढत होते. म्हणजे घराचा क्रमांक ही केवळ मोजदादीची सोय नव्हती. अणुकेंद्रकावरचा धनप्रभारच तो होता. त्याला आपण अणुअंक म्हणतो. अणुवस्तुमानाच्या जागी अणुअंक ठेवताच टेल्युरिअम-आयोडीन, अरगॉन-पोटॅशिअम, कोबाल्ट-निकेल या तिन्ही जोड्यांचा उलटसुलट क्रम आपोआप सुटला. अजून कोणते क्रमांक सापडायचे आहेत हेही नेमके सांगता येऊ लागले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या आघाडीवर १० ऑगस्ट १९१५ रोजी मोझली मारले गेले. त्यांचे वय २७ होते. नोबेल पारितोषिक मरणोत्तर दिले जात नाही, पण मोझली यांचे काम त्या तोडीचे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

केंद्रकात जितके धनप्रभार, तितके इलेक्ट्रॉन बाहेर. हे इलेक्ट्रॉन कवचांत राहतात आणि रासायनिक व्यवहार मुख्यतः सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन करतात. लिथिअम, सोडिअम आणि पोटॅशिअम यांच्या बाह्यतम कवचात एकेकच इलेक्ट्रॉन असतो. म्हणून तिन्ही धातू सुरीने कापता येतील इतके मऊ, तिन्ही पाण्याशी झगडणारे. पोटॅशिअमचा तो एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून अधिक दूर असल्यामुळे सहज सुटतो, म्हणून पाण्यात त्याचा भडका सोडिअमपेक्षा मोठा. गण म्हणजे बाहेरच्या कवचाचे साम्य, आणि आवर्त म्हणजे कवच भरत जाण्याचा क्रम. सात ओळींत अनुक्रमे २, ८, ८, १८, १८, ३२ आणि ३२ घरे आहेत, बेरीज ११८. हे आकडे पुंज यांत्रिकीच्या नियमांतून येतात. आकड्यांची जोडी होते, कारण बाहेरच्या कवचाचा पहिला भाग आतल्या कवचाचा शेवटचा भाग भरण्याआधीच भरू लागतो.

या नियमाचा एक परिणाम जवळून पाहण्यासारखा आहे. ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य बरीच वर्षे विरल मृदा धातूंत शोधले जात होते. नील्स बोर यांच्या मांडणीप्रमाणे विरल मृदांची मालिका ७१ वर संपते, म्हणून ७२ हे झिर्कोनिअमच्या घराण्यातले असायला हवे होते. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनिअमचीच खनिजे क्ष-किरणांनी तपासली आणि १९२३मध्ये हाफ्निअमचा शोध जाहीर झाला. ते झिर्कोनिअमसोबत पहिल्यापासून होते. दोघांच्या अणूंचा आकार जवळजवळ सारखा असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते. खाली जावे तसा अणू मोठा व्हायला हवा. पण मधल्या चौदा मूलद्रव्यांत केंद्रकाचा प्रभार वाढत जातो, आतले नवे इलेक्ट्रॉन त्याला पुरेसे झाकत नाहीत आणि अणू आक्रसतो. रासायनिकदृष्ट्या ही जोडी वेगळी करणे अत्यंत किचकट आहे, आणि तरीही ती वेगळी करावीच लागते. झिर्कोनिअम न्यूट्रॉनांना फारसे अडवत नाही, तर हाफ्निअम त्यांना गिळून टाकते. तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधन ज्या नळ्यांत भरतात त्या झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यासाठी हाफ्निअम काढून टाकलेले झिर्कोनिअमच लागते.

सारणीत वादाच्या जागा अजून आहेत. हायड्रोजन अल्क धातूंच्या डोक्यावर ठेवायचा, की हॅलोजनांच्या? तिसऱ्या गणात लॅन्थॅनमखालची रांग धरायची, की ल्युटेशिअमखालची? यांवर आजही तज्ज्ञांत मतभेद आहेत. ११९वे मूलद्रव्य तयार झाले तर आठवी ओळ सुरू होईल, आणि इतक्या जड अणूंत गणाचे गुण कितपत टिकतील हा खुला प्रश्न आहे. या पुस्तकात मी असे प्रश्न झाकलेले नाहीत.

प्रकरणांची रचना अणुअंकाच्या क्रमाने न करता गणांप्रमाणे केली आहे, कारण मूलद्रव्याचा स्वभाव त्याच्या गणात कळतो. परिभाषा शालेय पाठ्यपुस्तकांतलीच ठेवली आहे, म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्यालाही पुस्तक परके वाटणार नाही. पारा, कथील, शिसे, जस्त, गंधक यांना त्यांच्या रोजच्या मराठी नावांनीच हाक मारली आहे.

वाचकांना आणि विशेषतः शिक्षकांना एक विनंती आहे. प्रत्येक प्रकरण उघडण्याआधी त्यातल्या मूलद्रव्याचे शेजारी पाहा आणि त्याची घनता, त्याचे ऑक्साइड, पाण्याशी त्याचे वागणे यांविषयीचा आपला अंदाज वहीत लिहा. मग प्रकरण वाचा आणि अंदाज ताडून पाहा. तो बरोबर आला तर नियम आपला झाला. चुकला तर का चुकला ते शोधा आणि वर्गात त्यावर बोला. मुले नावांचा क्रम विसरली तरी चालेल, हा अंदाज करण्याची सवय तेवढी त्यांना लावा.